उकिरड्यात सापडलेला रुसवा

नमस्कार श्रोतेहो. आज मी तुम्हाला एका उकिरड्यावर घेऊन जाणार आहे.

कैरोच्या दक्षिणेला साधारण १६० किलोमीटरवर, नाईलच्या पश्चिमेला, बहर युसुफ नावाच्या फाट्याकाठी अल बहनसा हे गाव आहे. ग्रीक आणि रोमन अमलात तिथे ऑक्सिऱ्हिंकस नावाचं भरलेलं शहर होतं. तिथे पूजल्या जाणाऱ्या टोकदार तोंडाच्या माशावरून ते नाव पडलं. सुमारे ११,००० माणसं बसतील एवढं मोठं नाट्यगृह होतं. पुढे त्या इमारतींचे दगड लोकांनी उचलून नेले. दगड गेले आणि कचरा राहिला! गावाबाहेर फेकलेला, पुराचं पाणी पोचत नाही अशा उंचीवरचा कचरा. तिथे पाऊस जवळजवळ नाहीच. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. इथे तो ओला चमचा कधी गेलाच नाही. पाऊस नाही, म्हणून पपायरस, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेला त्या काळचा कागद, टिकला.

१८९६-९७ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट या ऑक्सफर्डच्या दोन तरुण विद्वानांनी तिथे खणायला घेतलं. निघालेले तुकडे पाच लाखांच्या घरात आहेत, आणि १८९८ पासून त्यांचे खंड छापले जात आहेत. सॅफो या प्राचीन ग्रीक कवयित्रीच्या कविता आहेत, आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर घडणारं एक प्रहसनही आहे. त्यातल्या राजाच्या तोंडची भाषा कन्नड असावी असं काही अभ्यासकांना वाटलं. पण माझा जीव अडकलाय तो एका पोराच्या पत्रात.

मुलाचं नाव थिऑन, वडिलांचंही थिऑन. पत्र इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं. वडील त्याला न घेताच शहराला निघून गेले. पोरगं लिहितं, ''छान केलंत हं बाबा, मला नेलंच नाहीत! मला अलेक्झांड्रियाला नेणार नसाल तर मी पत्र लिहिणार नाही, बोलणार नाही, तुमची खुशाली चिंतणार नाही. तुम्ही गेलात तर तुमचा हात धरणार नाही.'' आईचंही गाऱ्हाणं आहे. ती आर्केलाउस नावाच्या कुणाला तरी म्हणाली, ''हा मला जेरीस आणतोय, घेऊन जा याला.'' पुढे पोरगं म्हणतं, ''भेट मात्र केवढी मोठी पाठवलीत, शेंगांतले दाणे! आता बोलावून घ्या मला. नाहीतर मी जेवणार नाही, पाणी पिणार नाही. बस्स!''

ग्रीक शुद्धलेखनाच्या चुकाच चुका आहेत. बोलतो तसंच लिहिलंय त्यानं. मला तर वाटतं, मुलांच्या पत्रातल्या चुका कुणी लाल शाईनं दुरुस्त करूच नयेत. आणि घरातली जुनी पत्रं रद्दीवाल्याला घालताना आधी एकदा वाचून तरी बघावीत. आमच्याकडे एक अख्खी पेटी गेली, ते आजही मला डाचतं.

तर पत्राचा शेवट ऐका. खुशाली चिंतणार नाही असं बजावणारा हाच पोरगा शेवटी लिहितो, ''तुम्ही सुखरूप असावं ही प्रार्थना.'' खाली तारीख, इजिप्तच्या पंचांगातल्या तुबी महिन्याची १८. आणि मागच्या बाजूला पत्ता घालताना स्वतःचं नाव थिऑन नाही लिहिलं, लिहिलं थिओनास. घरातलं, लाडाचं नाव.