‘जसे आम्ही’पाशी

श्रोतेहो, सप्रेम जय ख्रिस्त.

रात्री भांडी घासताना माझं एक भांडण चालू असतं. समोर कुणी नसतं. नात्यातल्या एका माणसानं चारचौघांत माझा पाणउतारा केला, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा न सुचलेलं उत्तर मला आता रोज रात्री सुचतं. परवा एकच ताटली किती वेळ घासत होते कोण जाणे. ती केव्हाच लख्ख झाली होती, नळ वाहत होता आणि मी मनातल्या मनात त्याला खडसावत होते. तो बहुधा घोरत असेल.

मग सांगा, कोंडलेलं कोण?

बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानात, 18व्या अध्यायात, शिष्य पेत्र येशूला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? आपण चांगलाच सढळ आकडा सांगितला, असं त्याला वाटलं असणार. येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा. आणि दाखला सांगतो. एका चाकरावर राजाचं 10,000 तलांतांचं कर्ज. एक तलांत म्हणजे साधारण 6,000 दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. एकही सुट्टी न घेता राबलं तरी फेडायला दीड लाखाहून जास्त वर्षं! राजा ते सगळं सोडतो. हा बाहेर पडतो आणि 100 दीनार देणं असलेला सोबती दिसताच त्याची नरडी धरतो.

या 100 दीनारांवरून आपण भरकन पुढे जातो. पण तीन महिन्यांहून जास्त दिवसांची मजुरी ही काही किरकोळ रक्कम नव्हे. तुमचं दुखणं क्षुल्लक आहे, असं येशू म्हणत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. देणं खरंच आहे. फक्त, नरडी धरून उभा असतो त्याचेही हात अडकलेलेच असतात.

क्षमा करण्यासाठी इथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे त्याचा अर्थ सोडणे. येशूनं बोलावताच पेत्रानं गालील समुद्राकाठी मासेमारीची जाळी मागे सोडली, तिथेही तेच क्रियापद. आपल्याकडेही कर्ज सोडतात, कैदी सोडतात, हट्ट सोडतात. जाळी त्यानं एका हाकेसरशी सोडली. भावाचा अपराध सोडायची वेळ आली तेव्हा मात्र मोजायला बसला. हा पेत्र मला अगदी घरचा वाटतो.

आणि हो, सोडणं म्हणजे मुकाट सोसणं नव्हे. त्याच अध्यायात आधी येशू सांगतो, भावाकडे जा, त्याचा अपराध त्याला एकांतात दाखव, नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर ने. क्षमेच्या नावाखाली मारहाण सोसायला सांगणारं कुणी भेटलं, तर खुशाल ऐकू नका.

माझं भांडण संपलं का? नाही. साताच्या सत्तर वेळा म्हणजे तितके वेगवेगळे अपराध, असं मी पूर्वी धरायचे. आता वाटतं, एकच अपराध सोडायलाही तितक्या वेळा लागत असाव्यात. उत्तर सुचायला लागलं की मी नळ बंद करते आणि येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणते. रोजच्या भाकरीपर्यंत सुरळीत जाते. मग येतं, आम्ही इतरांना सोडलं तसं तू आम्हाला सोड, असं मागणारं वाक्य: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस...’ तिथे जीभ अडखळते. काही रात्री तिथून पुढे जाते. काही रात्री ताटली पुन्हा हातात घेते.