निळ्या लाद्यांतलं बंदर

नमस्कार. आज मी लाद्यांवरच्या चित्रांविषयी बोलणार आहे. त्यातही मुख्यतः एकाच चित्राविषयी : एक बेट, त्याचं बंदर आणि बंदरात शिरणारं गलबत. लिस्बनपासून पणजीपर्यंत भिंतीभिंतींवर हे चित्र पुन्हापुन्हा भेटतं, आणि लाद्या रंगवणारी बाई म्हणून ते माझ्या मनातून जात नाही.

पणजीत हा विषय काढायला कारण आहे. आपण आत्ता बसलोय तेसुद्धा एक बेटच आहे, तिसवाडी. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी आणि पूर्वेला या दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. पोर्तुगीज कागदपत्रांत या भागाला 'इल्यास' म्हणत, म्हणजे बेटं. पुलांवरून रोज ये-जा करताना आपण हे विसरून गेलो. आणि कुंभारजुवे या नावात कुंभारही आहे आणि जुवंही आहे, म्हणजे बेट. माझ्या धंद्यातल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच!

आझाद मैदानाशेजारी मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे. तुमच्यापैकी बरेच जण रोज त्या बाजूने जात असतील. एकदा आत शिरा आणि प्रवेशदालनातल्या भिंतींकडे नीट बघा. पोर्तुगीजांच्या समुद्रसफरीची दृश्यं तिथे निळ्या-पांढऱ्या लाद्यांवर रंगवलेली आहेत. लाद्यांवरच्या या कलेला अझुलेजो म्हणतात. 'अझुल' म्हणजे निळा, म्हणून अझुलेजो, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. हा शब्द अरबीतून आला, मूळ अर्थ गुळगुळीत घासलेला दगड. 'अझुल' मात्र फारसी लाजवर्दच्या कुळातला, म्हणजे आपल्या लाजवर्दी रंगाचा सख्खा भाऊ.

या लाद्या १९३५ च्या. चित्रकार जोर्ज कोलासू, पोर्तुगीज. जन्म १८६८, मोरोक्कोतल्या टँजियरचा. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातल्या साव बेंतू रेल्वे स्टेशनवर सुमारे वीस हजार लाद्यांचं प्रचंड काम आहे, ते यांचंच. ते व्यंगचित्रकारही होते. लाद्यांकडे बघताना हे लक्षात ठेवा, कारण माणसाचा ताठा एका रेषेत पकडायची सवय व्यंगचित्रकाराच्या हाताला असते. पणजीच्या चित्रांचा विषय आहे पोर्तुगीज कवी कामोंइशचं 'लुझियाद' हे महाकाव्य. वास्को द गामाच्या सफरीवरचं हे काव्य १५७२ मध्ये छापलं गेलं. कवी स्वतः १५५३ मध्ये गोव्यात उतरला होता.

आता १९३५ या सालाकडे बघा. लिस्बनमध्ये हुकूमशहा सालाझारची राजवट पक्की झालेली. त्याआधी १९३० मध्ये वसाहतींना जखडून टाकणारा कायदा आलेला. त्याच वर्षी इथल्या विधिमंडळात लुईस दे मिनेझिस ब्रागांझा यांनी गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. आणि पाच वर्षांनी ही वीरगाथा या भिंतीवर चढली. १८७१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला तेव्हा वास्को द गामाचं नाव होतं. १९६३ मध्ये ते बदलून ब्रागांझांचं दिलं. लाद्या मात्र ठेवल्या, आणि ठेवल्या हे फार चांगलं झालं. एकाच दारातून आत जाताना नाव एकाचं वाचायचं आणि चित्र दुसऱ्याचं बघायचं, असं शिक्षण दुसरीकडे कुठे मिळणार?

मला मुख्य सांगायचंय ते पुढे आहे. त्या महाकाव्यात बंदरं खूप आहेत. मोझांबिकचं बेट, मोंबासाचं बेट, मग मालिंदी. नवव्या सर्गात एक काल्पनिक बेट येतं. देवी व्हीनस ते लाटांवर तरंगत गलबतांच्या वाटेत आणून ठेवते. खलाशांच्या नजरेस पडलं की ते जागच्या जागी स्थिर करते. तिथला किनारा वळलेला, शांत, आणि पांढऱ्या वाळूवर लालसर शिंपले. इतकं देखणं बंदर! पण ते दिसतं कुठून? डेकवरून. कवितेतलं प्रत्येक बंदर डेकवरूनच दिसतं. आधी क्षितिज, मग माडांची रेघ, मग वाळू, आणि सगळ्यात शेवटी माणसं.

हे फक्त कवितेपुरतं नाही. लिस्बनच्या अझुलेजो संग्रहालयात त्या शहराचं एक चित्र आहे, साधारण १७०० च्या सुमाराचं, तेवीस मीटर लांब. १७५५ च्या भूकंपाआधीचं लिस्बन त्यात दिसतं, तेही ताजू नदीच्या पात्रातून बघितल्यासारखं. आपल्या जुन्या गोव्यात व्हाइसरॉयची कमान आहे. तिच्यावरच्या वास्को द गामाच्या पुतळ्याचं तोंड नदीकडे, म्हणजे गलबतातून उतरणाऱ्याकडे. बंदर कुठून बघायचं ते ठरलेलंच होतं. धक्क्यावर उभं राहून गलबताची वाट बघणारी बाई, रापणीचं जाळं ओढणारे हात, भरती कधी लागेल ते वासावरून सांगणारा तांडेल, यांना ते बंदर कसं दिसत असेल? त्या बाजूने रंगवलेली लादी मी शोधत राहिले.

मी स्वतः हे काम करते, म्हणून थोडं हाताचं सांगते. मातीची चौकोनी लादी आधी एकदा भाजायची, साधारण हजार अंशांच्या आसपास. मग तिच्यावर कथिलाची पांढरी झिलई ओतायची. ती सुकली की पिठूळ होते, बोट लावलं तर बोटाला येते. या पिठावर चित्र काढायचं. कुंचला टेकला की पीठ रंग पिऊन टाकतं, टीपकागदासारखं. खोडता येत नाही, पुसता येत नाही. म्हणून चित्राचा खाका आधी कागदावर काढतात, रेषांवर टाचणीने भोकं पाडतात आणि कोळशाची पूड बांधलेली पुरचुंडी वरून हलकेच आपटतात. रांगोळीचे छाप वापरलेत ना? अगदी तसंच. कोळसा भट्टीत जळून जातो, मागे राहतो तो फक्त कुंचला.

आणि हातात असताना हा निळा निळा नसतोच. कोबाल्ट ऑक्साइड काळपट असतं. तुम्ही काळ्या पाण्याने आकाश रंगवता आणि दुसऱ्या दिवशी भट्टी उघडल्यावर निळं आकाश बघता. जास्त पाणी घातलं की धुकट निळा, कमी घातलं की जवळजवळ शाईसारखा. माड, गलबत, डोंगर, माणूस, सगळं या तीन-चार छटांत बसवायचं. कोबाल्ट भट्टीच्या आचेला टिकतो, आणि चिनी मातीच्या निळ्या भांड्यांनी युरोपला वेड लावलं होतं. चीनचं बघून डच, डचांचं बघून पोर्तुगीज, असा हा निळा फिरत फिरत पणजीला पोचला.

पण श्रावणातली मांडवी कुणी बघितली आहे? ती निळी नसते. जांभ्या दगडाची माती घेऊन येते, तांबूस, जाड, कडेला फेस. लाद्यांमधलं ते स्वच्छ निळं बंदर आपल्या पावसाळ्याला ओळखतच नाही. हे ध्यानात आलं त्या दिवशी मी कोबाल्टच्या शेजारी तांबूस रंग देणाऱ्या लोखंडाच्या ऑक्साइडची वाटी ठेवली.

पाऊस या लाद्यांचा वैरीसुद्धा आहे. वरून पडणारा नव्हे, झिलई त्याला दाद देत नाही. भिंतीतून चढणारी ओल वाईट. जांभ्याच्या भिंतीत पाणी वर चढतं, क्षार घेऊन येतं, आणि पाणी सुकलं की क्षारांचे स्फटिक झिलईच्या मागे फुलतात. आपण त्याला लोणा म्हणतो. घराच्या भिंतीला लोणा लागला तर चुना पडतो. लादीला लागला तर चित्राचा पापुद्रा सुटतो. आधी कडेला केसाएवढी फट पडते, मग एक दिवस गलबताचं शीडच गायब. मागे उरते उघडी माती. लोक पटकन सिमेंट भरतात. कृपा करून तसं करू नका. सिमेंटने ओलीची वाट बंद होते, मग ती शेजारच्या लादीतून बाहेर पडते. चुना वापरा, आणि त्याआधी भिंतीत पाणी कुठून येतंय ते शोधा. या एका गोष्टीसाठी मी कुठल्याही गावात, कुठल्याही सभेत बोलायला तयार आहे.

गोव्यात ही कला आज पुन्हा रुजली आहे. पणजीच्या फोन्तेन्याश भागात रस्त्यांची नावं निळ्या लाद्यांवर आहेत. मारियो मिरांडांची चित्रं लाद्यांवर उतरून घराघरांत गेली. तेही व्यंगचित्रकार, लोटलीचे. कोलासूंच्या चित्रातले लोक दर्यावर उभे, मारियोंच्या चित्रातले लोक बाजारात, बसमध्ये, बाल्कनीत. मारियोंमुळे लादी जमिनीवर आली, असं मला वाटतं.

मग मीही एक बंदर रंगवायला घेतलं. आडव्या आठ, उभ्या पाच, अशा चाळीस लाद्या, प्रत्येकी चौदा सेंटिमीटर. प्रत्येकीच्या पाठीवर क्रमांक, अ-१ पासून उ-८ पर्यंत. क्रमांक नसेल तर भट्टीतून निघालेल्या चाळीस तुकड्यांत कुठलं पाणी कुठल्या पाण्याला लागतं ते कळत नाही. क्षितिज लाद्यांच्या सांध्यावर येऊ द्यायचं नाही, नाहीतर बसवताना एक लादी सुतभर खाली गेली की समुद्र मोडतो. चेहरा तर सांध्यावर कधीच नाही. मी उभी राहिले रायबंदरच्या बाजूला, चिखलात, नदीकडे तोंड करून. पुढ्यात ओहोटीत टेकलेली होडी, टोपली खाली ठेवून बसलेली मासळीवाली पाठमोरी, पलीकडे लांब एक जहाज. जहाज मुद्दाम लहान ठेवलं, एका लादीच्या कोपऱ्यात मावेल एवढं.

मांडणी करून ठेवली होती तेव्हा शेजारचे एक वयस्क मच्छीमार आले. आयुष्य याच पात्रात गेलेलं. बराच वेळ बघत राहिले. बाईबद्दल काही बोलले नाहीत, जहाजाबद्दल नाही. होडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ओहोटी उतरताना होडी अशी सरळ बसत नाही. पाणी ज्या बाजूला उतरतं तिकडे कलते आणि दोर ताणला जातो. माझा दोर सैल होता.

होडी इ-३ आणि इ-४ या दोन लाद्यांवर आहे. दोन्ही नव्याने रंगवून भाजल्या. नव्या लाद्यांचा निळा बाकीच्यांपेक्षा किंचित गडद आला, भट्टीत त्या आचेच्या जवळ होत्या. तो तसाच ठेवला आहे. बाहेर व्हरांड्यात मांडून ठेवलंय चित्र, जाताना दोर बघून जा.