मुंग्यांची वाट आणि कुत्र्याची जीभ

श्वानपालक मित्रहो,

मुंग्यांवरच्या औषधांचा विचार आपण उभ्या माणसाच्या उंचीवरून करतो. मोरीच्या उंबऱ्याला खडूची रेघ ओढली, ओट्याखाली फवारा मारला, की आपल्या लेखी काम संपते. कुत्रा मात्र त्याच फरशीवर झोपतो, सांडलेला कण तिथेच चाटतो आणि नंतर आपले पंजेही चाटून साफ करतो. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की मुंग्या मारायला निघण्याआधी त्यांना घरात बोलावणारी वस्तू हलवावी, आणि विष वापरावेच लागले तर ते जीभ पोहोचणार नाही अशा बंद डबीतच असावे. कुत्र्याच्या घरात ही बोलावणारी वस्तू बहुधा त्याचे स्वतःचे भांडेच असते. सकाळचा दूधभात दुपारपर्यंत तसाच पडलेला असतो, त्यावर मुंग्या येतात, आणि मग त्या भांड्याभोवतीच आपण औषध टाकतो.

हे मी इतक्या कळकळीने का सांगतो, ते थोडे विस्ताराने सांगायला हवे. आमच्या इमारतीत पावसाळ्याच्या तोंडाला एका पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावले होते. त्याने पाण्याच्या जुन्या बाटलीतून पांढरट द्रव पंपात ओतला. मी नाव विचारले, तर 'हर्बल आहे, वास येत नाही' एवढेच उत्तर मिळाले. संध्याकाळी आमच्या मोतीच्या तोंडातून लाळ गळू लागली आणि मागचे पाय थरथरू लागले. पशुवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला तो औषधाच्या नावाचा, आणि ते इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हते. फोन केला, तर 'आमचा फॉर्म्युला आहे' असे सांगण्यात आले. मोती सलाईनवर रात्रभर दवाखान्यात राहिला आणि सुदैवाने बरा झाला. पण त्याच्या अंगात काय गेले होते, ते आजतागायत कळलेले नाही.

नावाचा आग्रह ही हौस नव्हे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील विष असेल तर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे. सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनसारखे पायरेथ्रॉइड असेल तर तसा नेमका उतारा नाही, अंग धुऊन काढणे आणि झटके आवरणे हेच उपचार असतात. लाळ आणि थरथर मात्र दोन्हींत दिसते. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालील नियम १९७१ चे आहेत. त्यांनुसार वेष्टणावर मूळ रसायनाचे नाव, उतारा आणि रंगीत त्रिकोण असावाच लागतो, आणि विषबाधेची लक्षणे सोबतच्या माहितीपत्रकात द्यावी लागतात. लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाचा, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य तो हिरवा. कोणी विनालेबल बाटलीतून ओतत असेल, तर त्याला दारातच थांबवावे.

'हर्बल' या शब्दानेही निर्धास्त होऊ नये. पायरेथ्रम शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून मिळते आणि ते कीटकनाशकच आहे. कापूर कुत्र्याच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, टी ट्री तेलही त्याला बाधते, आणि डांबरगोळ्यांनी त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. जुन्या डब्यात गॅमेक्सिनची पावडर उरली असेल, तर ती मुळीच वापरू नये. तिच्यातल्या लिंडेन या विषाचा वापर आपल्याकडे २०१३ पासून बंद आहे. वाळलेली खडूची रेघ थोडीशी चाटल्याने धडधाकट मोठ्या कुत्र्याला सहसा लाळ किंवा उलटी यापलीकडे त्रास होत नाही, हे खरे. पण पिल्लाचे वजन किती असते, याचा विचार करावा. घरात मांजरही असेल, तर परमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड तिच्या जिवावर बेतू शकते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे ज्यासाठी आपण जमलो ते उपाय आता भराभर सांगतो.

खाणे वेळेवर द्यावे आणि वीस मिनिटांनी भांडे उचलून धुवावे. भांडे दिवसभर ठेवणे भागच असेल, तर ते पाणी भरलेल्या पसरट ताटलीत ठेवावे. जुन्या घरांत दुधा-दह्याच्या फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तीच ही युक्ती. त्यात साबण किंवा औषध घालू नये, कारण कुत्रा ते पाणी पिणारच, आणि डास होऊ नयेत म्हणून ते रोज बदलावे. कोरडे खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

मुंग्यांची ओळ गंधावर चालते. ती कुठल्या फटीतून येते ते आधी पाहावे, मग वाट साबणाच्या पाण्याने पुसून, फरशी कोरडी करून फट पांढऱ्या सिमेंटने बुजवावी. फवाऱ्याने फक्त समोरच्या मुंग्या मरतात; बारीक पिवळसर फॅरो मुंगी असेल, तर फवाऱ्यानंतर वारूळ फुटून एकाची अनेक होतात.

तरीही मुंग्या हटल्या नाहीत, तर आमिष लावावे. शंभर मिलिलीटर साखरपाण्यात सुमारे एक ग्रॅम बोरिक पावडर पुरते. जास्त घातली, तर मुंगी वाटेतच मरते आणि विष राणीपर्यंत पोहोचत नाही. त्यात कापसाचा बोळा भिजवून तो बारीक छिद्रांच्या घट्ट डबीत ठेवावा आणि डबी फ्रिजमागे, भिंतीला चिकटवून बसवावी. परिणामाला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्या काळात आसपास फवारा मारू नये. बोरिक पावडर फारशी जहाल नाही, तरी कुत्र्याने डबी फोडून खाल्ली तर उलट्या होतात, म्हणून त्याच्या तोंडाला डबी लागणार नाही अशीच जागा निवडावी.

आणि विष पोटात गेल्याची शंका आली, तर मीठपाणी पाजून उलटी करवू नये. केसांवर काही लागले असेल, तर दवाखान्यात फोन करून विचारावे आणि सौम्य साबणाने धुवावे. दवाखान्यात निघताना औषधाचे वेष्टण किंवा त्याचा फोटो सोबत घ्यावा.