एकाच सॉफ्टवेअरच्या चौदा कॉप्या

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण कोड चांगला लिहितात. मी आज बोलणार आहे ते काय लिहायचं नाही याबद्दल, आणि ते कोणी, कशाच्या आधारावर ठरवायचं याबद्दल. मला हे फार उशिरा कळलं. ज्या दहा दिवसांत कळलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

२० सप्टेंबर २०१९. जीएसटी परिषदेची सदतिसावी बैठक आपल्या गोव्यातच भरली होती. तीत हॉटेलच्या खोल्यांवरचा कर उतरला. साडेसात हजारांवरच्या भाड्याला २८ टक्के होता, तो १८ झाला. एक हजार ते साडेसात हजारांच्या मधल्या भाड्याला सरसकट १२. अंमल १ ऑक्टोबरपासून. सीझन तोंडावर आलेला, हॉटेलवाले खूश होते. आम्ही चौघे मात्र म्हापशाच्या ऑफिसात डोक्याला हात लावून बसलो.

आम्ही लहान हॉटेलांसाठी आणि लॉजसाठी बुकिंग आणि बिलाचं सॉफ्टवेअर करत होतो. गिऱ्हाइकं चौदा, आणि प्रत्येकाचा कोड वेगळा. असं करायचं कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्याला बिल त्याच्या जुन्या पावतीपुस्तकासारखं हवं होतं, दिलं. दुसऱ्याला नाताळ ते नववर्षाचे दर वेगळे हवे होते, म्हणून पहिल्याचा कोड कॉपी केला आणि त्यात बदल केला. मग तिसरा, चौथा. आमचा विक्री सांभाळणारा मुलगा गिऱ्हाइकाच्या काउंटरवरूनच फोन करायचा, "एवढं करून दिलं तर चेक आजच मिळतो." पगाराची तारीख जवळ असली की आम्ही हो म्हणायचो. त्या त्या दिवशी तो होकार बरोबरच वाटायचा.

शिंपी प्रत्येकाचं माप वेगळं घेतो आणि शिलाईही प्रत्येकाकडून वेगळी घेतो. तो धंदा सरळ आहे. आम्ही कपडे मापाचे शिवत होतो आणि पैसे तयार सदऱ्याचे घेत होतो. सॉफ्टवेअरचं प्रॉडक्ट करायचं की प्रत्येकाचं काम अंगावर घ्यायचं, हा धोरणाचा पहिला प्रश्न. दोन्हींचा हिशेब वेगळा, माणसं वेगळी, किंमत लावण्याची रीत वेगळी. आम्ही तो प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता.

आता कर बदलायचा होता. काही कॉप्यांत जुन्या कराचा आकडा थेट कोडमध्ये लिहिलेला, तोही तीन-तीन ठिकाणी. एका कॉपीत कर अजूनही जाहीर दरावरून निघत होता. खरं तर २०१८ च्या जुलैपासून तो प्रत्यक्ष घेतलेल्या भाड्यावर धरायचा होता, आणि वर्षभर ती चूक कुणाच्या लक्षात आली नव्हती. भाड्यावर कर म्हटला की आणखी एक गोष्ट येते. तीच खोली पावसाळ्यात दोन हजारांना जाते आणि ३१ डिसेंबरला आठ हजारांना, म्हणजे एकाच खोलीचा कराचा टप्पा रात्रीगणिक बदलू शकतो.

मदतीला आम्ही ओळखीची दोन मुलं बोलावली. चांगली हुशार होती. पण त्यांना चौदा कॉप्या समजावण्यात आमचेच दोन दिवस गेले. उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की काम आणखी लांबतं, हे संगणक अभियंते फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय, आयबीएममधल्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अनुभवावरून. मी ते वाचलेलं होतं. घाबरलेला माणूस वाचलेलं विसरतो. घटस्थापना होऊन गेली, ३० तारखेच्या रात्री बारा कॉप्या झाल्या. उरलेल्या दोन गिऱ्हाइकांनी चार दिवस हातानं बिलं फाडली.

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरनी १९९२ मध्ये घाईच्या कोडला कर्जाची उपमा दिली. ते स्वतः आर्थिक व्यवहारांचंच सॉफ्टवेअर बनवत होते, म्हणून ती उपमा अचूक आहे. कर्ज काढायला हरकत नाही, ते लवकर फिटलं पाहिजे. आम्ही चौदा घरांतून उसनं घेतलं होतं आणि वही ठेवली नव्हती.

माझं आजोळ दिवाडीचं. तिथल्या खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या, बांधाला मानस, म्हणजे पाणी सोडायची मोरी, असते. भरती आली की तिचं लाकडी दार पाण्याच्या दाबानं मिटतं, ओहोटीला उघडतं. दार उघडंच राहिलं तर खारं पाणी शेतात शिरून भात जळेल. कायमचं बंद केलं तर पावसाचं पाणी आत तुंबून भात कुजेल. गिऱ्हाइकाच्या मागण्यांकडे मी आता तसं बघतो. दिवाळीनंतर आम्ही सगळ्यांना नकार देत सुटलो होतो, तीही चूकच होती. मागणी आत घ्यायची, पण ज्या शब्दांत आली त्या शब्दांत नाही.

इथून जवळ, मंगेशीला, आमच्या गिऱ्हाइकाचा लॉज आहे. लॉजवाल्या काकांना झालेलं बिल पुसायचं बटण हवं होतं. हिशेबात असं बटण कुणी देऊ नये, मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "बाबा, एक दिवस इथं बसून बघ." बसलो. कुळदेवाच्या अभिषेकाला चार भावांची कुटुंबं आली. थोरल्यानं फोनवर चार खोल्या घेतल्या होत्या, ॲडव्हान्सही त्यानंच भरलेला. निघताना प्रत्येक भावाला आपलं बिल वेगळं हवं. म्हणून काका थोरल्याचं बिल पुसून चार नवी करू बघत होते. तिकडे कळंगुटचा एक हॉटेलवाला वर्षभर मागत होता की एका खोलीवर पाच नावं टाकता यावीत. मित्रांचा घोळका येतो, खर्च वाटून घेतो. दोन्ही मागण्यांचं मूळ एकच निघालं. बुकिंग एकाचं आणि बिल अनेकांचं, हे आमच्या कोडला माहीतच नव्हतं. ते एकदा नीट केलं आणि बिल पुसायचं बटण पुन्हा कुणी मागितलं नाही.

तेव्हापासून नियम केला. आठवड्यातून एक दिवस आमच्यातला एक जण कुठल्या तरी काउंटरवर बसतो. कोड लिहिणाराही. विशेषतः तोच.

मग सगळ्यांत अवघड निर्णय आला. दहा ते तीस खोल्यांचे लॉज आणि हॉटेलं, एवढ्यांसाठीच एकच सॉफ्टवेअर करायचं ठरवलं. आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक त्यात बसत नव्हतं. त्यांना लग्नाचे हॉल, बार, स्पा असं सगळं हवं होतं. वर्षाच्या कमाईचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांच्याकडून यायचा. मी स्वतः जाऊन सांगितलं, सहा महिन्यांची मुदत दिली, त्यांचा डेटा नीट काढून दिला. परतताना गाडी पर्वरीला बाजूला उभी करून मी बराच वेळ बसून होतो. त्या वर्षी आम्ही चौघांनी पगार कमी घेतला.

१८ जुलै २०२२ ला हजारांखालच्या खोल्यांची करसूट गेली आणि त्यांनाही १२ टक्के लागले. आमच्याकडे एका तक्त्यातली एक ओळ बदलली, संध्याकाळच्या चहाआधी. २२ सप्टेंबर २०२५ ला, पुन्हा घटस्थापनेच्याच दिवसांत, साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांचा कर ५ टक्क्यांवर आला. आकडा पाच मिनिटांत बदलला. पण या ५ टक्क्यांत हॉटेलला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि वजावट मिळतेच असं आमच्या कोडमध्ये सहा ठिकाणी गृहीत धरलेलं होतं. त्यातल्या चार जागा आम्ही शोधल्या. पाचवी मंगेशीच्या काकांनी फोन करून सांगितली, आणि सहावी त्याच दुपारी त्यांच्या काउंटरवर बसलेल्या आमच्या ऑफिसातल्या मुलीला सापडली.