एकट्याचा मेळा

(काळा पडदा. हलगीवर एक टिपरू पडतं. मग नावाची पाटी, पूर्ण सहा सेकंद.)

पाटीवरचं नाव नीट वाचून घ्या. मराठवाड्यात निघालेल्या देवीच्या, जयंतीच्या, हळदीच्या कितीतरी गाण्यांत या माणसाचा हात वाजलाय, आणि हे नाव त्यातल्या फार थोड्या गाण्यांवर आलंय. स्टुडिओत त्यांना सगळे मामा म्हणतात. आम्हीही मामाच म्हणणार आहोत.

(लातूर. दुकानांची रांग, अरुंद जिना.)

एप्रिलचा पहिला आठवडा, सकाळचे साडेदहा. खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्यांचा स्टुडिओ. मामांच्या दोन्ही खांद्यांना एकेक ढोलकी, हातात धोतराच्या फडक्यात बांधलेलं संबळ. हलगी आणि तिच्याहून लहान दिमडी पिशवीत. तिसरी ढोलकी रिक्षात राहिली, ती आणायला पोरगं खाली पळालंय.

एका गाण्याला तीन ढोलक्या लागतात असं नाही. पण प्रत्येक ढोलकीचा सूर ठरलेला. थोडी चढते, थोडी उतरते. त्यापुढे ताणली तर आवाज चिरकतो, सोडली तर बद्द होतो. गाणारा पेटीच्या काळी एक पट्टीत गाणार की पांढरी चारमध्ये, हे मामांना इथे आल्यावर कळतं. म्हणून घरूनच तीन पट्ट्यांच्या तीन घेऊन निघायचं.

(जवळून: पाना, नट, शाई, बोट.)

डावी बाजू धुमाची, म्हणजे खर्जाची, उजवी काळ्या शाईची. पूर्वी दोरी आणि कड्या होत्या, आता नट-बोल्ट आलेत. मामा एका नटाला अर्धा फेरा देतात, मग त्याच्या समोरच्या नटाला. ओळीने कधीच नाही, नाहीतर पुडी, म्हणजे वरचं चामडं, एका अंगाला ओढली जाते. कडेवर टिचकी मारायची, कान खाली न्यायचा, पुन्हा पाना.

(निवेदन थांबेल. चाळीस सेकंद फक्त सूर लावण्याचा आवाज.)

लागला.

तो असाच राहील याची खात्री मात्र नाही. ऊन तापलं की चामडं ताणतं आणि सूर चढतो, पावसाळ्यात तेच चामडं ओल धरतं आणि उतरतं. आणि इथे माइक सुरू झाला की पंखा बंद, कूलर बंद. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकीला गोधडी. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असताना आत काय होत असेल, ते मामांच्या सदऱ्याकडे बघा. दर दोन टेकनंतर ते आधी ढोलकी पुसतात, मग कपाळ.

(जुनी चित्रफीत: तुळजापूर, नवरात्र. पोत, संबळ, गर्दी.)

मामांचं घर गोंधळ्याचं. गोंधळ्यांत दोन शाखा: तुळजाभवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई. हे घर कदमराई. लहानपणी आधी हातात तुणतुणं आलं, कारण ते उचलायला हलकं. मग वडिलांच्या मागे उभं राहून संबळ. एक टिपरू सरळ, दुसरं टोकाला वाकडं. वाकड्याने जो घुमारा निघतो, त्यावर गोंधळ उभा राहतो. ढोलकी पुढे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, तमाशाच्या राहुटीमागे ऐकून-ऐकून हाताला लागली.

(एकच फोटो: सतरंजी, सहा माणसं, दोन माइक.)

कॅसेटच्या दिवसांतला हा एकच फोटो घरात आहे. डावीकडून दुसरे, मिशी नसलेले, ते मामा. तेव्हा सगळे एकदम वाजवत. पेटीवाला चुकला तरी गाणं पहिल्यापासून, कोरसमध्ये कुणी खोकला तरी पहिल्यापासून. त्या सतरंजीवरचं शिकणं मामा अजून मानतात: सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघून वाजवायचं.

आज बघायला समोर कुणी नाही.

(हेडफोन. एक कान झाकलेला, एक उघडा.)

कानात फक्त टिक टिक आहे. स्टुडिओच्या भाषेत क्लिक. आज ती 104 वर लावलीय, म्हणजे मिनिटाला 104 ठोके, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत तेवढेच. गोंधळात असं कधी होत नाही. तिथे रात्र चढते तशी लय चढते, आणि उदो उदोचा गजर झाला की वाजवणाऱ्याने हात रोखून धरणं हाच दोष. जे अंगात मुरलंय तेच इथे आवरायचं. ही सवय लागायला मामांना दोन वर्षं गेली. आता युक्ती बघा: डाव्या पायाचा अंगठा क्लिकवर चाललाय, आणि उजवा हात तिच्या केसभर मागे. अरेंजर, म्हणजे संगणकावर गाण्याची जुळणी करणारा पोरगा, सांगतो, संगणकावर हा हात रेघेला खेचून बसवला की ठेका मरतो. म्हणून तो हात तसाच ठेवतो.

या पोराचं कौतुक आम्हाला मुद्दाम करायचंय. सगळेच असं ठेवत नाहीत.

(काचेपलीकडून. टेक एक, टेक दोन, टेक तीन.)

गाणं येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीचं आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेआधी ते निघालं पाहिजे. याच आठवड्यात जयंतीची दोन गाणीही वाजवायची आहेत, 14 एप्रिल तोंडावर आलाय. आधी मुखड्याची ढोलकी. मग अंतऱ्याची. अंतऱ्यातून मुखड्यावर येतानाची उचल चार वेळा चार तऱ्हांनी वाजवून ठेवलीय, कुठली ठेवायची ते गाणारा ठरवील.

मग संबळ. त्याचा आवाज खोलीत मावत नाही, म्हणून माइक पार दारापर्यंत मागे नेलाय आणि मधे पडदा धरलाय.

(गल्ली. पुठ्ठा पेटतो. हलगी.)

हलगीसाठी मात्र खाली उतरावं लागतं. मोबाइलच्या दुकानाबाहेर पडलेली खोकी मामा पेटवतात. कडं दोन्ही हातांत धरून जाळावर फिरवायचं, एका जागी थांबलं की चामडं करपलं. मधेच नखाने टकटक. आवाज कडक झाला रे झाला की जिना चढायला लागायचं, कारण हा ताव फार तर काही मिनिटं टिकतो. आमचा कॅमेरामन त्यांच्या मागे धावला, म्हणून पुढचं दृश्य हललेलं आहे. ते आम्ही तसंच ठेवलंय.

(हलगीचा टेक, न कापता.)

हलगीनंतर दिमडी, त्यानंतर पायातले घुंगरू नुसते हातात धरून. संध्याकाळी साडेपाचला सगळं एकत्र लावून ऐकलं. मध्ये ढोलकी, उजवीकडे हलगी, लांबून संबळ. यात्रेत शिरल्यासारखं वाटतं. डोळे मिटले तर पाच माणसं नक्की मोजाल. डोळे उघडा.

(खुर्चीत एकटे मामा, मान हलवत.)

(संगणकाचा पडदा, जवळून. फायलींची नावं.)

ढोलकी 3. संबळ 2. हलगी 1. दिमडी 1.

कायद्यात वादकालाही कलाकारच म्हटलंय. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या गेल्या. कलाकाराच्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर त्याला रॉयल्टीचा हक्क आहे. आणि हे वाजवणारा अमुक, अशी ओळख दिली जावी, हाही त्याचा हक्क आहे. नाव लिहायला पैसे पडत नाहीत. गाण्याखाली गायक, गीतकार, निर्माता, पोस्टर करणारा, अगदी ड्रोनवाल्याचंही नाव असतं. तिथेच एक ओळ ढोलकीची लिहायची आहे, एवढंच आमचं मागणं.

मामांना गाण्यामागे ठरलेली रक्कम एकदाच मिळते. कुणीतरी त्यांच्या आठ मात्रा कापून ठेवल्या, त्या मामांनी न वाजवलेल्या गाण्यांतही फिरतायत, आणि अशी बोलावणी आता कमी झालीत. डाव्या कानाला ऐकूही कमी येतं.

(मामा पैसे मोजून खिशात ठेवतात. पोरगं ढोलक्यांना गवसणी घालतंय.)

निघताना गाणाऱ्याचा फोन येतो. काल रात्री त्याने घरी गाऊन बघितलं, अर्धी पट्टी वर पाहिजे. अरेंजर म्हणतो, मी संगणकावरच चढवतो, तुम्ही जा मामा.

मामा गवसणी परत सोडतात. पाना हातात घेतात. पोराला खूण करतात, पंखा बंद कर.

(सूर लावण्याचा आवाज. त्यावरच नामावली. पहिली ओळ: ढोलकी, संबळ, हलगी, दिमडी.)