रस्त्याकडेचं काटेरी झाड

आयर्लंडचा पश्चिम भाग, क्लेअर परगणा. दिवसरात्र वाहणारा हा हमरस्ता, आणि कडेला कुंपणाच्या आत एक काटेरी झाड. हॉथॉर्न.

१९९९ साली नव्या रस्त्याच्या आखणीत हे झाड आडवं आलं. एडी लेनिहान हे कथाकार, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गोष्टी गोळा करत हिंडणारे. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: मन्स्टर प्रांतातल्या पऱ्या शेजारच्या कॉनॉक्ट प्रांतातल्या पऱ्यांशी लढायला निघतात, तेव्हा इथं जमतात. झाडाला हात लावू नका. रस्ता झाला, आणि झाडही राहिलं.

या पऱ्या पंखवाल्या, नाजूक नव्हेत. त्यांचं नाव घेणंही टाळतात, नुसतं ‘भली माणसं’ म्हणतात. आपल्याकडे रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतात ना, तसं.

आता वरून पाहा. हिरव्या शेतात हा गोल बांध, आणि नांगराचे तास त्याला वळसा घालून गेलेले. हजारेक वर्षांपूर्वी इथं शेतकरी कुटुंबं राहत होती. अशा चाळीस हजारांहून जास्त गढ्या देशात नोंदलेल्या आहेत. भल्या माणसांचं घर म्हणून पिढ्यान्‌पिढ्या इथं कुणी कुदळ लावली नाही. पुरातन वास्तूंचा कायदा १९३० चा. त्याच्या कितीतरी आधीपासून ही माती धाकानं राखली, आणि ते मोलाचंच आहे. पुढे यंत्रं आली, कितीतरी गढ्या सपाट झाल्या.

ही शाळकरी मुलांच्या हातची अक्षरं. १९३७ पासून सुमारे पन्नास हजार मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून अशा गोष्टी वह्यांत उतरवल्या. गाय व्याली की चिकाची पहिली धार जमिनीवर, भल्या माणसांसाठी. एक मेला घरातला विस्तव किंवा दूध बाहेर द्यायचं नाही. दिलं तर वर्षभराचं लोणी त्याच्याबरोबर जातं. तान्ह्याच्या पाळण्यावर चुलीचा लोखंडी चिमटा आडवा. हॉथॉर्नची फुलं घरात आणायची नाहीत.

याच समजापायी १८९५ मध्ये टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुणीला नवऱ्यानं जाळलं. ही आपली बायको नव्हे, पऱ्यांनी बदलून ठेवलेली कुणी आहे, असं तो म्हणत होता.

२००२ मध्ये कुणीतरी यंत्रकरवत घेऊन आलं आणि या झाडाच्या फांद्या उतरवून गेलं. उरला नुसता बुंधा.

(निवेदन थांबते. बुंधा, मग कोंब, मग फुलं.)

मे महिना. क्लेअर परगणा.