तोंड शिरलं की अंग शिरतं

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे परसातल्या कोंबड्या रानातल्या जनावरांपासून कशा राखाव्यात. दहा मिनिटं दिली आहेत. आता खुडूक कोंबडी कधी बसवायची, एकविसाव्या दिवशी काय होतं, हे मी सांगायला लागलो तर तुमच्या घरातली म्हातारी रेडिओचा कान पिळेल. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. माझी नोकरी कोंबड्यांना मानमोडीच्या लशी देत वाड्यावाड्यांतून फिरण्यात गेली, आणि लस टोचायला गेलं की तक्रार एकच: "रोगाचं राहू दे हो, कोंबडी रात्री जाते कुठं ते सांगा."

म्हणून एक वाक्य आधीच सांगून ठेवतो. तोंड शिरलं की अंग शिरतं. मुंगूस, उदमांजर, बाऊल म्हणजे रानमांजर, कुणीही असो, जिथून त्याचं डोकं आत गेलं तिथून ते सगळं आत गेलं.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्या काकामुळे शिकलो.

1983 सालचा जून. साल पक्कं लक्षात आहे, कारण भारतानं विश्वचषक जिंकला तो महिना. काकानं त्या सामन्यांसाठी नवा ट्रान्झिस्टर आणला होता आणि त्याच्या जोडीला तीन सेलांची बॅटरी. कुडाळजवळच्या आमच्या वाडीत तशी बॅटरी दुसरी नव्हती. खुराडं घराच्या मागच्या अंगाला, चिऱ्यांचं, वर कौलं, पुढे फळीचं दार. आत नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. पाऊस सुरू झाला आणि पंधरवड्यात तीन कोंबड्या गेल्या. पहिली गेली तेव्हा आजोबा म्हणाले, मुंगूस. दुसरी गेली तेव्हाही मुंगूसच. तिसरीला शेजारणीनं आणखी एका दोन पायांच्या जनावराचं नाव घेतलं. ते मी इथं घेत नाही, त्याचे नातेवाईक रेडिओ ऐकतात.

काकानं बेत केला. खुराड्याचं दार मुद्दाम वीतभर उघडं ठेवायचं, म्हणजे चोर बेधडक येईल. स्वतः दाराच्या बाजूला डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी टोपली, घेऊन दबा धरायचा. चोर आत गेला की दार लावायचं, बाहेर आला की वर डालगं. आई म्हणाली, "दार उघडं ठेवून राखण कसली?" पण नवी बॅटरी हातात असलेल्या माणसाला कोण समजावणार.

आम्ही मुलं पडवीत जागी होतो, निदान जागी राहायचं ठरवलं होतं. मध्यरात्र उलटली असेल. खुराड्यात एकदम फडफड झाली, कोंबड्या किंचाळल्या, दारातून काहीतरी सणसणत बाहेर आलं, आणि काकानं उडी घेतली. डालगं धपकन खाली, काका डालग्यावर आडवा. उडीत बॅटरी उडाली ती चिऱ्यावर आपटली आणि मेली. अंधारातून आवाज आला, "गावलो रे गावलो! चोर गावलो! बत्ती हाडा!"

आजोबांनी पडवीतूनच विचारलं, "काय गावला?"

"मुंगूस! मोठा आसा!"

आई कंदील घेऊन निघाली तर काकानं तिला लांबच थांबवलं. डालगं जरा उचललं तर निसटेल, बोट गेलं तर तुकडा पडेल, उजाडेपर्यंत असंच राहू दे. डालग्याखालचं जनावर अगदी गप्प होतं. काका म्हणाला, घाबरलंय. मध्येच खुराड्यात पुन्हा थोडी खळबळ झाली. काका तिथूनच म्हणाला, "भियाली बिचारी." आणि पावसाची भुरभुर सुरू झाली तरी तो हलला नाही. उघडा माणूस, पाठीवर इरलं, पोटाखाली डालगं.

पाच वाजले असतील. पूर्वेला अजून काहीच नव्हतं. आणि काकाच्या पोटाखालून आवाज आला: कुकूऽऽच कू.

वाडीतली पाच-सहा माणसं तोवर बातमी ऐकून जमली होती. कुणी हसलं नाही. पहिला अर्धा मिनिट कुणाला हसायचं सुचलंच नाही. मग आजोबा म्हणाले, "मेल्या, रातभर आपल्याच कोंब्यार बसलंस!"

श्रोतेहो, कोंबड्याला रात्री धड दिसत नाही. अंधार केला, वर टोपली टाकली की तो गप्प बसतो. हे काकाला ठाऊक नव्हतं असं नाही, वाडीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. पण हातात चोर आहे असं एकदा ठरलं की ठाऊक असलेलं आठवत नाही. माझा हा अनुभव निवडणुकांनाही लागू आहे, पण ते जाऊ दे.

आत बघितलं तर एक कोंबडी नेलेली, एक मानेला चावा घेऊन तिथंच टाकलेली. म्हणजे काका दारात पहारा देत होता तेव्हा चोर मागून आला, आणि "भियाली बिचारी" म्हणाला तेव्हा आपलं काम उरकून मागूनच गेला. कोंबडा तेवढा दारातून जीव घेऊन पळाला आणि सापडला.

आई मागे गेली. तिथं ती वाकली आणि म्हणाली, "इथं नवा भात कुणी शिजवलाय?" मी जाऊन वास घेतला. खरंच, बासमतीचा वास. पहिल्या पावसानं मागच्या भिंतीतला एक चिरा खाली सरकला होता आणि वर फट पडली होती. आईनं त्यात हात घातला. पंजा गेला, मनगट गेलं, बांगड्यांपाशी अडकला. फटीच्या कडेला चार करडे केस, आणि कुंपणाच्या गडग्यावर जांभळाच्या बियांनी भरलेली विष्ठा. मुंगूस नव्हतंच. उदमांजर. बासमतीचा वास त्याच्याच अंगाचा. मुंगूस दिवसा हिंडतं, रात्री आपल्या बिळात झोपतं. पंधरवडाभर त्या बिचाऱ्यावर उगाच आळ.

तेव्हा पहिली गोष्ट, चोर कोण ते ओळखा. भर दुपारी पिल्लू गेलं तर घार, शिक्रा नाहीतर मुंगूस. रात्री गेलं तर उदमांजर नाहीतर बाऊल. अंडी टरफलासकट नाहीशी झाली तर धामण किंवा नाग, आणि अशा वेळी खुराड्यात आंधळा हात घालू नका. दिवसाचा चोर, रात्रीचा चोर, हे आधी ठरवा.

माझा एक भाचा न्यू जर्सीला असतो. त्यानं तिकडे परसात चार कोंबड्या पाळल्यात. तिकडचा चोर रॅकून, तोंडावर काळी पट्टी, पुढच्या पायांना माणसासारखी पाच बोटं, साधी कडी सरळ काढून आत जातो. भाचा कुलूप लावतो. आपलं उदमांजर कडीच्या भानगडीत पडत नाही. त्याला फट पुरते. तोंड शिरलं की अंग शिरतं.

म्हणून जाळी. बाजारात कोंबड्यांची म्हणून जी पातळ षट्कोनी जाळी मिळते ती कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, चोर बाहेर ठेवायला नाही. अर्धा इंची चौकोनी भोकांची वेल्डमेश घ्या. थोडी महाग पडेल. पण गटारीला शेजाऱ्याच्या कोंबडीवर पैसे घालवता तेव्हा तुम्ही भाव करत नाही, आणि हॉटेलात गावठी म्हणून जे खाता ते बहुतेक वेळा गिरिराज नावाच्या सुधारित जातीचं असतं, तेव्हा जाळीला हात आखडू नका. जाळी खाली एक फूट बाहेरच्या बाजूला दुमडा आणि वर दगड ठेवा. उकरणारं जनावर भिंतीच्या मुळाशीच उकरतं, तिथं त्याला जाळी लागली की ते सोडून देतं. आणि कौलांच्या खालीही जाळी हवी. उदमांजर चढतं, कौल सरकवतं. खाली बंदोबस्त आणि वर उघडं, असं नको. पाऊस लागला की चिऱ्यांचे सांधे एकदा हात फिरवून बघा, फट असेल तर सिमेंट भरा.

पिल्लं लहान असेपर्यंत दिवसा डालग्याखालीच. मोकळी सोडलीत तर कोंबड्याकडे कान ठेवा. वरून घार आली की त्याचा इशारा वेगळा, जमिनीवरून कुत्रा-मांजर आलं की वेगळा. आठवडाभर ऐकलंत की तुम्हालाही कळायला लागेल.

काचेपलीकडून मला बोट दाखवताहेत, म्हणजे एक मिनिट उरला. फासकी लावू नका, विष घालू नका. या जनावरांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय रानडुकरासाठी लावलेल्या फासक्यांत आपल्याकडे बिबटे अडकून मेलेत. फासकीला समोर कोण आहे ते कळत नाही, आमच्या काकासारखंच.

राहता राहिलं दार. तिन्हीसांजेला कोंबड्या आपल्या पायांनी आत येतात, त्यानंतर खिट्टी लावायची आणि मोजायचं. खिट्टी लावायची आणि मोजायचं. आत्ता साडेसहा झालेत, अंधार पडत असेल. उठा, मोजून या. कोंबडा धरून मोजा.

नमस्कार.